दिवा लावावा की दाणा वाढवावा?

मार्गशीर्ष लागला की उदगीरच्या आसपास, बालाघाटाच्या पठारावरच्या गावांत एक तक्रार घरोघरी ऐकू येते: कोंबड्या अंडी देईनात. पावसाळ्यात ज्या खुराड्यातून रोज चार-पाच अंडी निघत होती, तिथं दोन दिवसांत एक निघतं. आणि नेमकं याच दिवसांत गिऱ्हाईक वाढलेलं असतं. थंडीत अंडी खावीत अशी आपल्याकडं रीत आहे, भावही चढे असतात. परसातल्या कोंबड्या बहुतेक ठिकाणी बायकाच सांभाळतात आणि अंड्यांचा पैसा त्यांच्याच हातात राहतो. लेकराची वही, दवाखान्याचं भाडं, किराणा यातलं बरंच काही त्यातून भागतं. म्हणून हा प्रश्न कुणी किरकोळ समजू नये.

उदगीरला १९८७ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. या भागातल्या देवणी आणि लाल कंधारी जनावरांबद्दल जितकं बोललं-लिहिलं जातं, तितकं खुराड्याबद्दल होत नाही. तरीही हिवाळ्यातल्या अंड्यांबद्दल दोन मतं गावागावांत आहेत. एक मत म्हणतं, हा निसर्गाचा नेम आहे, त्यात हात घालू नये. दुसरं म्हणतं, कारण कळलं की उपाय करता येतो आणि तो करावा. ही दोन्ही मतं मी इथे एका घरातल्या दोन जावांच्या तोंडी दिली आहेत. थोरलीकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या गावरान कोंबड्या आहेत. धाकटीनं बचत गटाचं कर्ज काढून ग्रामप्रिया जातीच्या कोंबड्या आणल्या आहेत.

थोरली: थंडी पडली की जिवाला आखडतंच. माणूस गोधडीतून निघत नाही, तिथं कोंबडीनं अंडी काय द्यावीत? सासूबाईंच्या काळापासून बघतेय. येळवस (मार्गशीर्ष अमावास्या) झाली, संक्रांत गेली, उन्हं तापायला लागली की आपोआप सुरू होतात. त्यात नवं काय?

धाकटी: तुम्ही बघितलंय ते खरंय, अक्का. कारण तेवढं चुकलंय. थंडी आणि लहान दिवस दोन्ही जोडीनंच येतात, म्हणून दोष थंडीला जातो. कोंबडीचं अंग आपल्यापेक्षा गरम, ४१ अंशांच्या आसपास. वर पिसांचं पांघरूण. आपल्याकडं रात्री पारा दहा-बारापर्यंत उतरतो आणि दुपारी पुन्हा चांगलं ऊन असतं. एवढ्या थंडीनं अंडं बंद पडत नाही. ती ऊब राखायला थोडं जास्त खाते, इतकंच. जिथं बर्फ पडतो तिथंही दिवे लावलेल्या शेडात भर हिवाळ्यात अंडी मिळतात.

थोरली: मग बंद पडतं कशानं?

धाकटी: उजेड कमी होतो म्हणून. येळवशीच्या सुमाराला आपल्याकडं दिवस उगवतो पावणेसातच्या पुढं आणि मावळतो सहाच्या आत. म्हणजे सगळा मिळून अकरा तासांचा उजेड. भरपूर अंडी द्यायची तर कोंबडीला चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो. म्हणून कमी पडलेला उजेड मी दिव्यानं भरून काढते.

धाकटीच्या या म्हणण्याला शास्त्राचा भक्कम आधार आहे. पक्ष्याला उजेड फक्त डोळ्यांतून कळत नाही. पातळ कवटीतून तो थेट मेंदूपर्यंत पोचतो आणि मेंदूतल्या खास पेशी तो टिपतात. १९३०च्या दशकात फ्रान्समध्ये झाक बन्वा यांनी बदकांवर प्रयोग केले, तेव्हा डोळ्यांनी न दिसणाऱ्या बदकांवरही उजेडाचा परिणाम होतो असं दिसून आलं. दिवस मोठा असला की मेंदूकडून पिट्युटरी ग्रंथीला निरोप जातो, ती ग्रंथी संप्रेरकं सोडते आणि अंडाशयातलं बलक वाढायला लागतं. दिवस लहान झाला की तो निरोपच क्षीण होतो. एक अंडं तयार व्हायला पंचवीस-सव्वीस तास लागतात आणि त्यातले वीसेक तास नुसतं कवच चढण्यात जातात. इतक्या खर्चाचं काम शरीर उगीच चालू ठेवत नाही. कोंबडीची मूळ पूर्वज असलेली लाल रानकोंबडी आजही वर्षातल्या ठरावीक हंगामातच, पिल्लांना किडे आणि कोवळा चारा मिळेल अशा बेतानं अंडी घालते. आपल्या परसातल्या कोंबडीच्या अंगात तो जुना हिशेब अजून शिल्लक आहे.

थोरली मात्र एवढ्यानं ऐकणारी नाही.

थोरली: बरं, उजेडाचं मान्य केलं. मग मला सांग, मे महिन्यात दिवस किती मोठा असतो?

धाकटी: तेरा तासांच्या आसपास.

थोरली: मग मे महिन्यात कोंबड्यांनी अंड्यांचा ढीग घालायला पाहिजे. घालतात का? उन्हात चोच उघडून धापा टाकत बसतात. अंडं दिलंच तर कवच असं पातळ की हातात घेताना तडकतं. तुझ्या उजेडाचं गणित तिथं कुठं जातं?

धाकटी: तिथं उष्णता आडवी येते. पारा पस्तीसच्या पुढं गेला की कोंबडी दाणा सोडते आणि पाण्यावर राहते. खाणं कमी झालं की अंडं कमी.

थोरली: म्हणजे एकट्या उजेडावर काही नाही. आणि दुसरं. तुझ्या त्या गार देशांत हिवाळ्यातला दिवस केवढा?

धाकटी: लंडनला आठ तासांपेक्षाही कमी. उन्हाळ्यात साडेसोळाच्या वर.

थोरली: तिथं दिवस अर्ध्यानं आटतो. आपल्याकडं मोठ्यात मोठ्या आणि लहानात लहान दिवसात फरक दोन-सव्वादोन तासांचा. तिथलं औषध इथं जसंच्या तसं लागू पडेल का?

हा प्रश्न नेमका आहे. हिवाळ्यात अंडी का घटतात यावरचं बरंचसं प्रचलित लिखाण थंड देशांतल्या अनुभवावर बेतलेलं आहे. उदगीर साडेअठरा अक्षांशाच्या जवळ आहे. इथं उजेडाचा परिणाम होतो, पण तो सौम्य होतो. दिवस अकरा तासांवर येणं ही एक गोष्ट, आणि तो सतत लहान होत जाणं ही दुसरी. आषाढापासून मार्गशीर्षापर्यंत रोज थोडा थोडा उजेड कमी होतो, आणि घटत्या उजेडाची खूण कोंबडीचं शरीर ओळखतं. पण एवढ्या फरकानं अंडी पूर्ण बंद पडत असतील, तर सोबत आणखी काहीतरी चालू आहे असं समजावं. ते काय, हे थोरलीला अनुभवानं माहीत आहे.

थोरली: माझ्या कोंबड्या बघ. तांबडी दिवाळीपासून पिसं टाकतेय, मान उघडी पडली. काबरी खुडूक बसलीय, हात लावला की टोचते. तिसरीच्या मागं नऊ पिल्लं आहेत. यातली कुणीच अंडं देणार नाही आणि त्यात तिचा दोष नाही. तांबडीला अंगावर नवं पीस आणायचंय, काबरीला रवण घालायचीय, तिसरीला लेकरं वाढवायचीत. तू दिवा लावून यांना काय सांगणार?

धाकटी: तांबडीचं तुमचं बरोबर. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिन. जुनी पिसं टाकून नवी आणायची तर शरीर सगळी प्रथिनं तिकडं वळवतं. दोन-तीन महिने जातात. तेवढ्यात अंडी मागणं चूकच.

थोरली: आणि खुडुकीचं?

धाकटी: तेही मान्य. एकवीस दिवस ती अंड्यांवरून हलत नाही. नंतर दीड-दोन महिने पिल्लांमागं. म्हणजे एका रवणीला तीनेक महिने अंडी बंद.

थोरली: मग हिशेब कर. माझी कोंबडी दहा-पंधरा अंडी देते, खुडूक बसते, पिल्लं काढते, परत अंड्यावर येते. वर्षाला पन्नास-साठ अंडी. पण ती मला कोंबड्या देते. विकत पिल्लू आणावं लागत नाही. सणाला, पाव्हण्याला, अडीअडचणीला कोंबडा विकला की अंड्यांच्या कितीतरी पट पैसा येतो. तुझी ग्रामप्रिया खुडूक बसते का?

धाकटी: सहसा नाही. तिच्यातून ती सवय निवडीनं कमी केलीय. म्हणून तर ती परसातसुद्धा दीडशेच्या पुढं अंडी देते. ही जात हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं खेड्यातल्या परसासाठीच काढलीय. पण मला दर खेपेला पिल्लं विकत आणावी लागतात, हे खरंय.

थोरली: मग तू अंड्यांसाठी पाळतेस, मी वंशासाठी पाळते. तुझ्या कोंबडीचा हिवाळा आणि माझ्या कोंबडीचा हिवाळा एक कसा असेल?

माझ्या मते या वादातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य थोरली इथं बोलून गेली आहे. ‘कोंबड्या हिवाळ्यात अंडी का देत नाहीत’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण कोंबडी एकच नाही. पहिल्या वर्षातली तलंग, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली पिसं टाकणारी कोंबडी, खुडूक बसलेली, पिल्लांची आई आणि निवडीनं अंड्यांसाठी घडवलेली सुधारित कोंबडी, या पाचही जणी एकाच खुराड्यात असू शकतात. कोण काय करते आहे हे न बघता सरसकट दिवा लावणं, किंवा सरसकट ‘थंडी आहे’ म्हणून सोडून देणं, दोन्ही चुकीचं आहे.

धाकटीचं दिव्याचं म्हणणं तरी काय आहे, तेही नीट ऐकायला हवं.

धाकटी: मी दिवा लावते तो ऊब द्यायला नाही. साधा पिवळसर एलईडी, पेपर वाचता येईल एवढाच उजेड. लावायचा पहाटे. संध्याकाळी लावला आणि एकदम विझवला तर कोंबड्या अंधारात चाचपडतात, दांडीवर बसता येत नाही. पहाटे चारला लावला, सूर्य उगवल्यावर बंद केला, की चौदा तास होतात आणि संध्याकाळ आपोआप होते.

थोरली: पहिल्याच दिवशी चारला?

धाकटी: नाही. आठवड्याला अर्धा तास असं हळूहळू मागं न्यायचं. एकदम वाढवलं तर तलंगीला त्रास होतो, अंडं अडकतं, अंग बाहेर येतं. अंड्यावर न आलेल्या पिल्लांना तर दिवा लावायचाच नाही. अंगानं भरायच्या आत ती अंड्यावर येतात आणि पुढं सगळं आयुष्य बारीक अंडी देतात.

थोरली: आणि लाइट गेली तर? आपल्या गावात पहाटेच्या लाइटीचा भरवसा कोण देतो? आज चौदा तास, उद्या अकरा, परवा परत चौदा. त्यापेक्षा अंधार बरा नव्हे का?

धाकटी: ती अडचण खरी आहे. उजेड एकदम तुटला तर चालू कोंबडीही पिसं टाकायला लागते. म्हणून चार्जिंगची बत्ती आणि टायमर असल्याशिवाय मी कुणाला दिवा लाव म्हणून सांगत नाही.

थोरली: दिव्यानं कोंबडी लवकर संपत नाही का? तिच्या पोटात मोजकीच अंडी असतील की.

धाकटी: अंडी संपत नाहीत, अक्का. तिच्या अंडाशयात हजारोंनी बीजं असतात, जन्मभरात त्यातली थोडीच वापरली जातात. संपतं ते अंगातलं चुन्याचं आणि प्रथिनांचं बळ. दिवा लावला आणि खायला तेवढंच दिलं तर ती स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम काढून कवच बनवते. मग पाय लुळे पडतात.

थोरली: म्हणजे शेवटी खाण्यावरच आलं.

इथून पुढं दोघींचं जुळायला लागतं, आणि मला वाटतं मराठवाड्यातल्या परसाचं खरं उत्तर इथंच आहे. पावसाळ्यात कोंबडी दिवसभर उकरत फिरते. गांडूळ, नाकतोडे, वाळवी, अळ्या, कोवळं गवत, सगळं फुकट मिळतं. तिला प्रथिनं घरातून द्यावी लागत नाहीत. सोयाबीनची रास झाली, रान मोकळं झालं, जमीन वाळली की किडे कमी होतात. मग तिला मिळते ज्वारी आणि घरातलं खरकटं. ज्वारीनं पोट भरतं, ऊब राहते. पण ज्वारीत प्रथिनं दहा टक्क्यांच्या आसपास आणि अंडी देणाऱ्या कोंबडीला लागतात सोळा ते अठरा टक्के. अंड्याच्या एका कवचाला दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं, ते ज्वारीत जवळपास नसतंच. ऐन पिसं टाकायच्या दिवसांत, घटत्या उजेडात, तिचा आहारही हलका होतो. ही तिन्ही कारणं एकत्र आली की खुराडं रिकामं दिसतं.

थोरली: मी तर थंडी म्हणून मूठभर ज्वारी जास्त टाकते.

धाकटी: ज्वारी टाका, त्यात पेंड मिसळा. चार वाटे ज्वारी-मका, एक वाटा सोयाबीनची पेंड, एवढ्यानं प्रथिनं सोळाच्या पुढं जातात. आपला भाग सोयाबीनचा, पेंड मिळायला अडचण नाही. दाळ मिलमधली तुरीची चुनीही थोडी चालते. फक्त कच्चं सोयाबीन टाकू नका. त्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो तापवल्याशिवाय जात नाही.

थोरली: आणि चुन्याचं?

धाकटी: शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवायचा. जिला पाहिजे ती खाते. घरातली अंड्याची टरफलंही धुऊन, भाजून, बारीक कुटून टाकता येतात. तशीच टाकली तर कोंबड्यांना अंडी फोडायची सवय लागते.

थोरली: पाणी मी सकाळी बदलते.

धाकटी: ते सगळ्यात महत्त्वाचं. अंड्यात पाणीच जास्त. कोंबडी दाण्याच्या दुप्पट पाणी पिते आणि गारठलेलं पाणी असलं की कमी पिते. सकाळी कोमट ठेवलं तर उत्तम.

मग धाकटी एक साधी गोष्ट विचारते, आणि तिचं उत्तर अनेक घरांत सारखंच निघेल.

धाकटी: अक्का, खुराडं उघडता कधी?

थोरली: थंडी आहे म्हणून ऊन आल्यावर. आठ वाजतात. पाचला परत कोंडते. मुंगूस फिरतं ना.

धाकटी: आत उजेड असतो का?

थोरली: चारी बाजूंनी पोती बांधलीत. वारं लागू नये म्हणून.

धाकटी: मग दिवस अकरा तासांचा आणि तुमच्या कोंबडीला मिळतो नऊ तासांचा. दोन तास आपणच कापले. उजाडता उजाडता उघडा, दिवस मावळताना कोंडा. मुंगसाची भीती असेल तर खुराड्यापुढं जाळीचं अंगण करा. पोती वाऱ्याच्या बाजूनं, खालून अर्ध्यापर्यंत बांधा. वरची बाजू मोकळी पाहिजे, नाहीतर विष्ठेचा वास आत कोंडतो, ओल धरते आणि सर्दी-कफ सुरू होतो.

थोरली: एवढं पटलं. याला लाइट लागत नाही आणि पैसाही.

थोरलीनंही मग धाकटीला एक गोष्ट शिकवली.

थोरली: तू वर्षभर अंडी मागतेस, तर पिल्लं कधी आणायची ते बघत जा. मी फाल्गुन-चैत्रात निघालेल्या पिल्लांतल्या माद्या राखते. त्या आश्विन-कार्तिकात अंड्यावर येतात आणि पहिला हिवाळा पिसं न टाकता अंडी देतात. म्हाताऱ्या कोंबड्या विसाव्याला आणि तलंगा कामाला. दिव्याशिवाय हिवाळा निघतो.

शास्त्राच्या कसोटीवरही हे उतरतं. पहिल्या हिवाळ्यातली तलंग सहसा पिसं टाकत नाही आणि वयात येण्याचा जोर घटत्या दिवसावर बऱ्याच अंशी मात करतो. पिढ्यांच्या निरीक्षणातून आलेलं हे नियोजन कोणत्याही प्रशिक्षणात सांगण्याजोगं आहे.

दोघींनाही सांगायची एक गोष्ट मात्र माझ्याकडून. हिवाळ्यात अंडी कमी होणं स्वाभाविक आहे, ही समजूत धोकादायकही ठरू शकते. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लूचं निदान झालं. ऋतूमुळं अंडी कमी होतात तेव्हा ती काही आठवड्यांत हळूहळू घटतात आणि कोंबडी खातीपिती, तरतरीत राहते. दोन-चार दिवसांत अंडी एकदम थांबली, कवच मऊ किंवा वेडंवाकडं आलं, तुरा काळानिळा पडला, डोकं सुजलं, हिरवट हगवण लागली, मान वाकडी झाली किंवा एकामागून एक कोंबड्या दगावल्या, तर ते ऋतूचं काम नव्हे. तो बर्ड फ्लू असू शकतो किंवा मानमोडी. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातानं शिवू नये, उकिरड्यावर फेकू नये, बाजारात न्यायचा तर विचारही करू नये. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवावं. मानमोडीची लस हिवाळ्याआधी टोचून घ्यावी. गावातल्या बायकांनी एकत्र येऊन सगळ्या कोंबड्यांना एकाच दिवशी लस दिली तर बाटली वाया जात नाही आणि गावालाही आधार होतो.

आता या वादाचा निवाडा. थंडी हे मुख्य कारण नाही, इथं धाकटी बरोबर आहे. एकटा उजेडही उदगीरच्या परसातली घट पुरती समजावून सांगत नाही, इथं थोरली बरोबर आहे. गावरान कोंबडीला दिवा लावू नये. तिची विश्रांती, तिची रवण आणि तिची पिल्लं हेच तिचं उत्पन्न आहे. ते मोडून मिळणारी चार अंडी महाग पडतात. अंड्यांसाठीच पाळलेल्या सुधारित कोंबड्यांना पहाटेचा दिवा लावायला हरकत नाही, पण वीज भरवशाची असेल, दिवा रोज त्याच वेळी लागणार असेल आणि पेंड व शिंपला आधीपासून चालू असेल तरच.

परसात कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येक बहिणीला माझी विनंती आहे. या हिवाळ्यात बल्ब विकत आणण्याआधी खुराडं उजाडताच उघडा, ज्वारीत पेंड मिसळा, शिंपल्याचं भांडं ठेवा, कोमट पाणी द्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजची अंडी लिहीत जा. कोणती कोंबडी पिसं टाकते, कोणती खुडूक आहे, तेही तिथंच टिपून ठेवा. महिन्याभरानं तो कागदच सांगेल की तुमच्या खुराड्याला दिवा हवा आहे, दाणा हवा आहे, की डॉक्टर.